चिंचेचा निखारा

"आजीबाई, चितेपासून जरा लांब बसा," असं तो मला म्हणाला, आणि मी सरकले.

बोलला वाईट असं नाही. हसून बोलला, वर "तुमचा शेला पेटेल" अशी काळजीही केली. विचित त्याचं नाव. बँकॉकच्या राजाचा आमच्याकडचा मुखत्यार. गुळगुळीत चेहरा, दातांवर अजून विड्याचा रंगसुद्धा धड चढलेला नाही. तो बोलला त्याचं मला काही वाटलं नाही, बोलणं हाच त्याचा धंदा. मला लागलं ते हे, की मी सरकले. डोकं "कोण रे तू?" म्हणेपर्यंत ढुंगण सरकून मोकळं झालं होतं. आजवर या शहरात मी सगळ्यांना सरकवलं. राण्या सरकवल्या, भिक्खू सरकवले, वाड्याच्या दारात एकदा माजलेला हत्ती नुसता ओरडून सरकवला. आणि आज, सगळ्या गावादेखत, भावाच्या चितेपुढे, एका पोराच्या एका वाक्याला माझी कंबर आपोआप ऐकते? कुणी शिकवलं तिला? मला न विचारता कधी शिकली? चटईवर पुन्हा बूड टेकताना मला माझीच किळस आली, जशी आपल्या अंगावर दुसऱ्याचा घाम लागल्यावर येते.

मांडीवर भाताची बांबूची टोपली आहे. तिला ऊब आहे. लोकांना वाटतंय भाताची. वाटू दे.

समोर लाकडं रचलीत, वर सोनेरी रांजण, आणि रांजणात माझा भाऊ बसलाय. बसलाय म्हणजे खरंच बसलाय. राजाला आमच्यात आडवं करत नाहीत, गुडघे पोटाशी घेऊन बसवतात. पावसाळ्याआधी गेला तो. अख्खा पावसाळा रांजणात बसून राहिला, मेकाँगला पूर आला आणि ओसरला, काठावरच्या मळ्यांत काकड्या लागल्या, तरी हा आपला बसलेला. का? तर बँकॉकहून आग यायची होती. आमचा राजा मेला की त्याला जाळायची आग त्यांच्या राजानं पाठवायची, असा रिवाज. मरायला तेवढी परवानगी लागत नाही, ही त्यांची मेहेरबानी. शेवटी आली आग. बैलगाडीतून, मग हत्तीवरून, मग होडीतून. सोन्याच्या कंदिलात बोटाएवढी ज्योत आणि तिच्या डोक्यावर छत्री. छत्री! माझा भाऊ गादीवर बसला त्या दिवशी त्याच्या छत्रीचे मजले यांनी मोजून कमी केले होते, मांडलिकाला इतके शोभत नाहीत म्हणून. वातीला शोभतात.

मी त्याला बेडक्या म्हणायचे. लेकराला चांगलं नाव दिलं की भुतांची नजर जाते, म्हणून घरात असलंच काहीतरी म्हणायचं. पुढं बँकॉकनं त्याला एक लांबलचक नाव पाठवलं. ते म्हणता म्हणता माझा विडा चघळून व्हायचा. बाप आमचा एक. त्याची आई राणी, माझी आई मुदपाकखान्यातली. तो जन्मला तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. बाळंतीण आमच्यात विस्तवाशेजारी निजते, बांबूच्या बाजेवर, आणि त्या विस्तवाला चिंचेचंच लाकूड लागतं, कारण चिंच आवाज न करता जळते आणि राखेखाली जीव धरून राहते. लाकूड सारायचं काम माझं. राणी घामानं निथळायची, म्हणायची, "पोरी, जरा कमी कर गं, भाजले मी." मी कमी करायची नाही. बाजेवर तिच्या कुशीत ते काळंनिळं बेडूक डोळे मिटून धूर प्यायचं, आणि मला वाटायचं, याला मीच शिजवतेय. कच्चा आलाय, माझ्या विस्तवावर पिकतोय. राणी उठली तेव्हा त्यातला निखारा माझ्या आईनं मुदपाकखान्याच्या मोठ्या चुलीत नेला. ती चूल तेव्हापासून विझलेली नाही. आई गेली, मग मी. शहर एकदा लुटलं गेलं तेव्हासुद्धा मी मडक्यात निखारा घेऊन रानात पळाले होते. बायका दागिने घेऊन पळत होत्या, मी विस्तव घेऊन. हसल्या मला. परत आल्यावर त्यांचे दागिने शिपायांच्या बायकांच्या अंगावर, आणि भात शिजला तो माझ्याकडे.

आज सकाळी त्याच चुलीशी खामसाय आला. बेडक्याचा मुलगा, माझा भाचा, पुढचा राजा. म्हणजे बँकॉकनं मानला तर. मुखत्यारानं शिफारस केली तर. पांढरा रेशमी कोट घालून आला, थेट त्यांच्यासारखा, आणि दारातच उभा राहिला, कोटाला काजळी लागेल म्हणून.

"आत्या, आज काही बोलू नकोस."

"मी कधी बोलते?"

"आत्या."

"अरे, मी आपली चुलीपाशी बसलेली म्हातारी. मुखत्यारसाहेबांनी काय नेसायचं, कुठं बसायचं, कधी रडायचं, सगळं सांगितलंय. शिंक आली तर विचारून शिंकेन."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. गिळायची सवय आहे त्याला. लहानपणी औषधसुद्धा कुरकुर न करता गिळायचा, तेव्हाच मला काळजी वाटली होती. म्हणाला, "बाबांनी जन्मभर मान खाली घातली, म्हणून आपण शिल्लक आहोत. ते कळतंय का तुला?"

मान खाली. हो. मी पाहिलंय. देवळात त्यांच्या राजाच्या नावानं शपथेचं पाणी प्यायला बसायचा तेव्हा मी खांबाआड असायची. त्या पाण्यात तलवारी बुडवलेल्या असायच्या, बेइमानी केली तर तेच पाणी पोटात तलवार होईल म्हणे. बेडक्या पाणी प्यायचा आणि दिवसभर काही खायचा नाही. संध्याकाळी मुदपाकखान्यात येऊन म्हणायचा, "ताई, मासळी आहे का, आंबवलेली? जास्त वास येतो ती दे." मग तिखट कुटून मी ती द्यायची, आणि तो बोटं चाटून खायचा, आणि मग मुखत्याराला भेटायला जायचा. तोंडाचा तो वास घेऊन, अगदी जवळ बसून, हळू आवाजात, म्हणजे त्याला वाकून ऐकावं लागेल. तेव्हाचा मुखत्यार वेगळा होता, जाडा. नाक दाबायची सोय नव्हती बिचाऱ्याला. एवढंसं राज्य होतं ते माझ्या भावाचं, मासळीच्या वासाएवढं. तेवढ्यावर तो मनापासून राज्य करायचा.

त्याला ओलीस नेलं तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता. बाप गादीवर, मुलगा बँकॉकच्या दरबारात, म्हणजे बापानं डोळा वर करायचा नाही. होडीत बसायच्या आधी आम्ही त्याचे जीव बांधले. माणसात बत्तीस जीव असतात, भित्रे असतात, प्रवासाला निघालं की इकडंतिकडं पळतात, म्हणून नावानं हाका मारून त्यांना बोलवायचं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून अंगात कोंडायचं. सगळ्यांनी बांधले. मी शेवटी बांधला आणि गाठ मारताना कानात म्हटलं, "हा कापू नकोस. कुजून गळेल तेव्हा गळू दे." मोठा होऊन परत आला तेव्हा मनगटं स्वच्छ होती. पहिल्याच दिवशी कात्रीनं कापले म्हणाला, अंघोळीच्या वेळी, हसत हसत, गबाळं दिसतं म्हणून. केस त्यांच्यासारखे, बसणं त्यांच्यासारखं, आणि आमचा चिकट भात त्याला हातात घेता येईना. गोळा वळायला गेला की बोटांना लडबडायचा. दरबारी मंडळी खाली बघत होती. मी म्हटलं, "राजाला भात खाता येत नाही, बघा रे!" आणि हसले, मोठ्यानं, कारण कुणीतरी हसायलाच हवं होतं. तोही हसला. मग मी पुन्हा दोरे बांधले. हाका मारल्या. बँकॉकच्या बाजूला तोंड करून मारल्या, घाटावर उभं राहून, घसा बसेपर्यंत. एकतीस आले असतील. एक काही आला नाही, मला कळतं ते. कधीकधी तो जेवताना मधेच थांबायचा आणि दाराकडं बघायचा, कुणी यायचं राहिल्यासारखा.

ते दोरे मात्र त्यानं परत कधी काढले नाहीत. कुजले की त्यांच्यावर नवे बांधून घ्यायचा. जाड कडं झालं होतं उजव्या मनगटावर, कळकट. मला वाटायचं माझ्यासाठी.

वाद्यं सुरू झाली. मुखत्यार छत्रीखालच्या ज्योतीसमोर गुडघ्यांवर बसून नमस्कार करतोय. खामसाय त्याच्या मागं. पोराची मान खाली, मानेच्या मणक्याचं हाड वर आलंय, अगदी बापासारखं. टोपली आता गरम लागतेय मांडीला. राख कमी पडली असेल का?

बँकॉकचे गोंदणारे आले होते तेव्हाही अशीच वाद्यं वाजवली होती त्यांनी, काहीतरी शुभ असल्यासारखी. आमचे पुरुष मांड्यांवर नक्षी गोंदवतात, ती हौसेनं, दात खाऊन, पोरींना दाखवायला. हे गोंदण वेगळं. मनगटावर, त्यांच्या अक्षरांत, हा कुणाचा माणूस ते, म्हणजे पळाला तरी ढोरासारखा ओळखून परत आणता येईल. वाड्यासमोर रांग लावली. माझा मुलगा बुनहाक त्या रांगेत होता. तेव्हा बेडक्या पायऱ्या उतरून खाली आला, अनवाणी, चटईवर गोंदणाऱ्याच्या समोर बसला आणि त्याच्यापुढं हात धरला. म्हणाला, "पहिला मी." गोंदणाऱ्यानं सुई वरच धरली. राजाच्या हातावर कुणाच्या मालकीचं लिहायचं? लिहिलं तर राजा गुलाम झाला, मग त्यांच्या राजाला मांडलिक राजे कुठले उरले, नुसते गुलामच. जाडा मुखत्यार हसला, "महाराज विनोदी आहेत." बेडक्या म्हणाला, "नाही, विनोदी माझी ताई आहे. मी खरंच सांगतोय."  उन्हात तो हात तसाच. शेवटी सुया गुंडाळून गेले ते. त्या वर्षी आमच्या शहराची मनगटं कोरी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला सोन्याचं आणि चांदीचं झाड घेऊन खंडणीला बोलावलं, आणि तो तिकडं असताना इकडं सगळ्यांना गोंदलं. बुनहाकचा हात सुजला, मी हळद लावली, रोज धुतला. ती अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण बोटांनी पाठ झाली. मग गोंदलेले हात तिकडं कालवे खणायला नेले. बुनहाक परत आला नाही. त्या कालव्याला म्हणे त्यांच्या राजाचं नाव दिलंय.

बेडक्या परतला तेव्हा मी त्याच्याशी बोलले नाही. भात वाढायची, ताट आपटायची. पुष्कळ दिवस. तो ताट आपटलेलं ऐकायचा आणि जेवायचा. एकदा नुसतं म्हणाला, "ताई, मी हात पुढं केला होता." मी म्हटलं, "मागं घेतलास." ते खरं होतं असं मला तेव्हा वाटत होतं.

जायच्या वेळी त्यानं मला बोलावलं. श्वास वर लागलेला. बाकीच्यांना बाहेर काढलं आणि म्हणाला, "ताई, त्यांची आग नको. जन्मलो त्या विस्तवावर ने." मी हो म्हटलं. एवढंच बोललो. तो गेल्यावर धुवायला बसले त्याला, तो माझा हक्क. जिवंतपणीचे दोरे मेल्यावर सोडायचे असतात, म्हणून ते कळकट कडं भिजवून भिजवून सोडवलं. खाली, पांढऱ्या पडलेल्या कातडीवर, ते होतं. बुनहाकच्या हातावर होतं तेच, तीच वळणं, तेच शेवटचं शेपूट. जुनं, निळं, कडेला फाटलेलं. कुणाकडून तरी गुपचूप करून घेतलेलं, परत आल्या आल्या, मी ताटं आपटत होते तेव्हा. मी ते पुन्हा पुन्हा धुतलं. मग नवा दोरा गुंडाळला त्याच्यावर, दाट, आणि मुखत्यार दर्शनाला आला तेव्हा त्याला राजाचे हात कसे स्वच्छ, सुरेख दिसले.

सकाळी चुलीपाशी खामसायला हे सांगितलं मी. "मान खाली होती म्हणतोस ना तुझ्या बापाची, तर ऐक." सांगून झालं.  मग मी राखेतून निखारा उचलून मडक्यात घालताना, मडकं टोपलीत ठेवताना, वर भात पसरताना त्यानं मला पाहिलं. म्हणाला, "आत्या, मला गादी मिळणार नाही अशानं." मी म्हटलं, "तुझी गादी तू बघ. मी माझी चूल बघते." तो गेला. कोटाला काजळी लागली नव्हती.

वाद्यं थांबली. आता मुखत्यार उठेल. त्याच्या आधी मी उठले. गुडघे वाजले, सगळ्यांनी ऐकले.

"कुठं निघालात, आजीबाई?"

"भावाला शेवटचा घास देते, साहेब. रिवाज आहे."

त्यानं टोपलीकडं पाहिलं, मग आपल्या माणसांकडं, चेष्टेनं. "काय आहे आत? बेडूक?" आम्ही बेडूक खातो यावर ते पिढ्यान्पिढ्या हसत आलेत. हसले.

"बेडूक वर बसलाय," मी म्हटलं. "हे त्याचं जेवण."

त्याला काही कळलं नाही. पण म्हातारी हसवतेय असं वाटून त्यानं हात हलवला, जाऊ दे तिला. रचणारे आमचेच. पूर्वेच्या अंगाला, खाली, हातभर पोकळी ठेवायला मी सांगितलं होतं, आत नारळाचा काथ्या आणि राळ. मी वाकले. भात काढून बाजूला ठेवला, मडकं आत उपडं केलं, राख हातावर आली, हात भाजला. लहानपणी भाजायचा तसाच. मग मागं होऊन बसले. पण चटईवर नाही. तिथंच, लाकडांपाशी.

मुखत्यार कंदिलातली ज्योत मशालीला लावून, मशाल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पायऱ्या चढत होता, तेव्हा खालून धूर निघाला. पातळ, निळा. लोकांनी पाहिला. त्यानंही पाहिला. थांबला. मशाल चितेपासून चांगली चार हात लांब. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. हुशार पोर. घाबरला, आणि लगेच सावरला. वळून मोठ्यानं म्हणाला, "पाहिलंत? आमच्या महाराजांचं पुण्य! त्यांची आग न शिवता पेटली!"

आणि लोकांनी हात जोडले. सगळ्या घाटानं. माना खाली गेल्या, गवतावरून वारा जावा तशा. खामसायनं मात्र माझ्याकडं पाहिलं, आणि त्याचे डोळे म्हणत होते, असू दे, आत्या. झालं ना तुझं काम. तो जळतोय तुझ्याच विस्तवात. कुणाची म्हणेनात का. खरंच, किती सोपं होतं. वचन पुरं, गादी शाबूत, मी घरी जाऊन हाताला कोरफड लावायची. फक्त आग माझी आणि नाव त्यांचं. कालवा माझ्या मुलाचा आणि नाव त्यांचं. हात बेडक्याचा आणि वर अक्षर त्यांचं. माझी कंबर पुन्हा आपोआप वाकायला निघाली होती, मला जाणवलं ते, पाठीतून एक ओळखीची ढिलाई खाली येत होती. मी तिला तिथंच धरली.

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच मोठा आहे. हत्तीनं ऐकलेला. "ती तुमची नाही, साहेब. माझ्या चुलीतली आहे. हा जन्मला तेव्हाची. तुमची अजून तुमच्याच हातात आहे, बघा."

सगळ्यांनी बघितलं. होतीच ती त्याच्या हातात.

"आजीबाई," तो म्हणाला. आता हसत नव्हता. "मागं सरका."

नाही सरकले. मांडी घालून बसले होते, तशी बसले. पण लाकडं पावसाळ्याची होती. आतला काथ्या जळून गेला आणि धूर पिवळट झाला, जड झाला, जमिनीवर लोळायला लागला. मला तो धूर कळतो. विझायच्या आधीचा. मी वाकले, फुंकर घातली, पण या वयात छाती किती असणार, खोकलाच आला. मुखत्याराला ते दिसलं. तो पायऱ्या चढायला लागला, भराभर, मशाल पुढं करून. दोन श्वासांचा प्रश्न होता, आणि ते दोन श्वास माझ्याकडं नव्हते.

तेव्हा माझ्याशेजारी कुणीतरी धपकन खाली आलं. पांढरा रेशमी कोट. ढोपरांवर, मग कोपरांवर, मग पार पोटावर, भावी राजा, सगळ्या शहरासमोर, तोंड त्या पोकळीत घालून. आणि फुंकायला लागला. गाल न फुगवता, पोटातून, सावकाश, लांब. असं फुंकायला मीच शिकवलं होतं त्याला, माझ्या गुडघ्याएवढा होता तेव्हा. एक फुंकर. थांबणं. दुसरी. आत कुठंतरी चिंच लाल झाली, मग नारिंगी, आणि एकदम लाकडाला दात फुटावेत तशी ज्वाळा बाहेर आली. त्याच्या भुवया जळल्या. तो मागं झाला, खोकत, डोळ्यांतून पाणी, तोंड काळं, कोट काळा. माझ्याकडं बघून म्हणाला, "आत्या, लाकडं ओली घेतलीस."

"घेतली तुझ्या माणसांनी," मी म्हटलं.

वर रांजणाला ज्वाळा लागल्या. मुखत्यार पायरीवर तसाच उभा होता, मशाल धरून. त्याच्या मागं छत्रीवाला त्या मशालीवर इमानानं छत्री धरून उभा. आता ती मशाल खाली कुठं ठेवायची, हे त्या दोघांना कळेना. उद्या काय होईल ते मला ठाऊक आहे, खामसायलाही. पण घाटावरच्या माना वर आल्या होत्या. नमस्काराला नाही, बघायला. ज्वाळा उंच गेली की मान वर करावीच लागते.

एक ठिणगी उडून माझ्या शेल्यावर पडली. शेला पेटेल म्हणाला होता, तसा पेटलाही, काठाशी थोडा. मी बसल्या जागीच हातानं विझवला.